अण्णांची ब्युक विकताना

२०२३ च्या मे महिन्यात वळवाच्या पावसात शेडचे दोन पत्रे उडाले आणि आतली गाडी भिजली. तेव्हा घरात पहिल्यांदा कोणीतरी उघडपणे म्हणालं, की आता ही विकून टाकूया. म्हणणारी मीच होते, त्यामुळे पुढची अडीच वर्षं ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

गाडी १९३८ ची ब्युक रोडमास्टर. चार दारांची, काळी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. एका ओळीत आठ सिलिंडर, इंजिन ५.२ लिटरचं. त्या वर्षी ब्युकमध्ये हिच्या वर फक्त 'लिमिटेड' हे मॉडेल होतं. माझ्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, ती १९५० मध्ये साडेचार हजारांना जुनी घेतली. दख्खनची संस्थानं नुकतीच विलीन झाली होती आणि तनखा पुरेना म्हणून अशा कितीतरी गाड्या निघत होत्या. अण्णांची हळदीची अडत होती, दोन हंगाम चांगले गेले होते. आजीने तेव्हा आठवडाभर अबोला धरला होता म्हणे.

अण्णा १९८३ मध्ये गेले. नानाकाकांनी आणखी काही वर्षं लग्नाकार्याला गाडी काढली. १९९८ मध्ये ती शेडमध्ये ढकलून ठेवली, त्यानंतर हललीच नाही. तिच्या टपावर उन्हाळ्यात कुरडया वाळत.

पहिला दलाल बातमी कळून आपणहून आला. बॉनेट उचललं, मागची सीट दाबून पाहिली आणि म्हणाला, "तीन लाख. उद्या उचलतो. कागदबिगद काही नकोत मला." आम्हा सगळ्यांना तीन लाख बरे वाटले. मला मात्र "कागद नकोत" हे खटकलं. मी तीस वर्षं बँकेत कर्जखात्यात काढली आहेत. कागद नको म्हणणारा माणूस दिसला की मी आधी दार लावून घेते. चौकशी केल्यावर कळलं, की कागदाविना अशी गाडी म्हणजे सुट्या भागांचा ढीग. दिवे एकाला, ग्रिल दुसऱ्याला, उरलेलं भंगारात. कागद असले तरच ती गाडी. विकायच्या आधी निम्म्याहून जास्त काळ मी गाडीजवळ गेलेच नाही, कागदांच्याच मागे होते, ते त्यामुळे.

आरसी बुक सापडायला दीड महिना लागला. आजीच्या ट्रंकेत, तिच्या शालूच्या घडीत होतं. कापडी बांधणीचं, वाळवीने एक कोपरा खाल्लेलं. नंबर बीएमने सुरू होणारा, टॅक्सचे शिक्के १९८६ पर्यंतचे. तुमच्याकडे असं बुक असेल तर त्याला लॅमिनेशन अजिबात करू नका. आमच्या भाच्याने उत्साहाने करायला घेतलं होतं, मी वेळेवर पोचले. ऑफिसात मूळ पान हाताला लागावं लागतं आणि मागच्या पानांवरच्या फिकट नोंदीच पुढे कामाला येतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिल्यांदा आरटीओत गेले. खिडकीवरच्या बाईंनी बुक उलटसुलट केलं.

"मालक कुठायत?"

"वारले. १९८३ मध्ये."

"मग इतकी वर्षं काय केलंत?"

याला उत्तर नव्हतं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनीच एका चिठ्ठीवर क्रम लिहून दिला: आधी वारस ठरवा, मग जुनी नोंद संगणकावर चढवून घ्या, मग नमुना ३१ भरून गाडी एका वारसाच्या नावावर करा, मग व्हिंटेज नोंदणी. ती चिठ्ठी दोन वर्षं माझ्या पर्समध्ये होती. या क्रमातली एकही पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही, हे मी दोनदा प्रयत्न करून पाहिल्यावर मान्य केलं.

मालक जाऊन चाळीस वर्षं झालेली, त्यांच्या मुलांतलीही काही हयात नाहीत. म्हणून नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागेना, कोर्टाचा वारस दाखला मागितला. आपल्याकडे तो मुंबई विनियम ८ खाली मिळतो आणि तो विनियम आहे १८२७ चा. अण्णांच्या गाडीपेक्षा एकशे अकरा वर्षांनी जुना, आणि गाडीपेक्षा बराच चालू स्थितीत! जानेवारी २०२४ मध्ये अर्ज केला. सात वारस, सगळ्यांचे आधार, अण्णांचा आणि काकांचा मृत्यूचा दाखला, वंशावळ. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकत असल्यास कळवावे म्हणून. नोटिशीचे ३,२०० रुपये, वकिलांचे २५,०००. हरकत बाहेरच्या कोणी घेतली नाही. घरातल्या घरात मात्र टोरंटोच्या चुलतभावाने दोन महिने फोनच उचलला नाही. त्याला पैशाचं काही नव्हतं, लहानपणी त्या गाडीत पुढे बसायला मिळालं नाही याचा राग होता. शेवटी त्याच्या बायकोशी बोलले. तिथल्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून त्याने संमतीपत्र कुरियरने पाठवलं. परदेशातला वारस असेल तर त्याचं काम सगळ्यात आधी सुरू करा, आम्ही ते शेवटी केलं.

दाखला जूनमध्ये हातात आला.

कोर्टाच्या तारखांच्या मध्ये मिस्त्रींनी गाडी उघडली होती. आमचे मिस्त्री ट्रॅक्टर आणि जीपवाले. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की रंगाला हात लावायचा नाही, सीट बदलायची नाही, काही नवं चमकवायचं नाही. त्यांना ते आवडलं नाही. "ताई, निदान एक पॉलिश?" नाही म्हणजे नाही. व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. एका काळात पेट्रोल परवडत नाही म्हणून कितीतरी अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली. आमची त्यातून वाचली, ती अण्णांच्या चिकाटीने नाही, १९७० च्या आसपास मिस्त्रीच मिळाला नाही म्हणून.

इंजिन जाम होतं. आठही प्लग काढून भोकांत रॉकेल आणि ऑइल सोडलं आणि पंधरा दिवस तसंच ठेवलं. रोज संध्याकाळी मिस्त्री पुलीच्या नटाला पाना लावून हलका जोर देत आणि मान हलवून घरी जात. सोळाव्या दिवशी पाना बोटभर फिरला. जोर लावून फिरवायची घाई कोणी करू नये. आतल्या बेअरिंगना व्हाइट मेटल ओतलेलं असतं, ते गेलं की पुन्हा ओतून घासून देणारा माणूस शोधण्यात वर्ष जातं. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली तर आतून तांबडी माती निघाली. वायरिंग कापडी वेष्टणाचं, उंदरांनी अर्धं संपवलेलं. बॅटरी सहा व्होल्टची लागते. मिस्त्रींच्या पोऱ्याने बाराची जोडायला घेतली होती, मी ओरडले म्हणून बल्ब वाचले. टायरचा मात्र घोर उगीच केला. ७.००-१६ हे माप आपल्याकडे छोट्या मालगाड्यांना चालतं, तालुक्याच्याच दुकानात मिळालं. कडेला पांढरा पट्टा नाही, पण गाडी उभी तर राहिली.

चौथ्या चाकाची टोपी नव्हती. तीन होत्या, त्यांवर 'ब्युक ८' असं कोरलेलं. घरभर शोधलं, माळे झाडले. मिळाली नाही.

सप्टेंबरमध्ये सुरू करायचा दिवस ठरला. बॅटरी, पेट्रोल, ऑइल सगळं जागेवर. मिस्त्री आत बसले, किल्ली फिरवली आणि बटण शोधू लागले. डॅशबोर्डवरची प्रत्येक वस्तू ओढली, दाबली. खाली वाकून पायाशी चाचपलं. स्टार्टर उतरवून तपासायचं ठरलं. माईआत्या ओसरीवर खुर्चीत बसून हे अर्धा तास बघत होती. ती एक्याऐंशीची आहे.

"काय शोधतोयस रे?"

"बटण, आजी. स्टार्टरचं."

"त्याला बटण नाही. किल्ली लाव आणि पेट्रोलचा पाय दाब. आमचा ड्रायव्हर तसंच करायचा."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबला आणि स्टार्टर घरघरला. ब्युकच्या त्या काळातल्या गाड्यांत स्टार्टरचा स्विच कार्बुरेटरवर असतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तोच लागतो, आणि इंजिन सुरू झालं की इंजिनच्याच ओढीने तो बंद राहतो. सहाव्या दाबाला आठातले पाच बोलू लागले, मग सात. आठवा दुसऱ्या दिवशी. निळ्या धुराने शेजारच्यांचे कपडे खराब झाले, त्यांना पेढे नेऊन दिले. मिस्त्रींचं सगळं धरून बिल एक लाख चाळीस हजार.

ग्रीस खरवडताना आणखी एक गोष्ट निघाली. घरात सगळे ठामपणे सांगत, की गाडी शिवडीला जुळवलेली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला होता, देशातला मोटारी जुळवणारा तो पहिला, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी होती. मी जाहिरातीच्या मसुद्यातही तसं लिहिलं होतं. पण बॉनेटखालच्या पट्टीवर ओशावा, ऑन्टारिओ. साम्राज्यातल्या देशांसाठी उजव्या स्टिअरिंगच्या ब्युक कॅनडातून जात, आमची त्यातली. मसुदा दुरुस्त केला. आत्याच्या मते गाडी 'महाराजांची' होती. कोल्हापूरला दसऱ्याच्या सोहळ्यात मेबॅक मोटार निघते, तिची धाकटी बहीण म्हणे. कोणते महाराज हे तिला सांगता आलं नाही आणि एकही कागद नव्हता. तेही वाक्य काढलं. सिद्ध न करता येणारं एक वाक्य जाहिरातीत राहिलं, की जाणकार गिऱ्हाईक बाकीच्या खऱ्या नऊ वाक्यांवरही शंका घेतं.

नोव्हेंबर २०२४. जुनी नोंद परिवहन खात्याच्या संगणकावरच्या 'वाहन' प्रणालीत चढवायची होती आणि तिथे गाडं अडलं. आरसी बुकात इंजिन नंबर आणि चेसिस नंबर या दोन्ही रकान्यांत एकच आकडा होता. पूर्वीच्या एखाद्या कारकुनाने इंजिनचाच नंबर दोन्हीकडे उतरवलेला. गाडीवर मात्र दोन वेगळे नंबर. साहेब म्हणाले, "मग ही गाडी तीच कशावरून?" प्रश्न बरोबरच होता. आम्ही दोन्ही जागा घासून पेन्सिलने छाप घेतले, मोटार वाहन निरीक्षकांनी घरी येऊन पाहिलं, मी प्रतिज्ञापत्र केलं. आणि अण्णांच्या चोपड्या मदतीला आल्या. १९५० च्या चोपडीत 'ब्युक मोटार खरेदी' या नोंदीखाली अण्णांनी दोन्ही नंबर मोडीत लिहून ठेवले होते. मोडी वाचणारे गृहस्थ शोधून लिप्यंतर करून घेतलं, पानाला ३०० रुपये. नोंद दुरुस्त होऊन चढायला नऊ आठवडे लागले. थकलेला कर आणि दंड मिळून ११,४०० भरले. मग नमुना ३१ वर, बाकी सहा वारसांच्या संमतीने, गाडी माझ्या नावावर झाली. त्या संध्याकाळी टोरंटोहून फोन आला: "आता पुढे बसशील ना?"

व्हिंटेज नोंदणीचा नियम केंद्राने जुलै २०२१ मध्ये आणला. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी. परिवहनच्या पोर्टलवर नमुना २० मध्ये अर्ज, सोबत विमा आणि जुनं आरसी. बाहेरून आणलेली असेल तर सीमाशुल्काचं बिल ऑफ एंट्री. फी २०,००० रुपये, दाखला दहा वर्षांचा. पुढच्या नूतनीकरणाला ५,००० आणि ते पाच वर्षांसाठी. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. आमची आधीच नोंदलेली असल्याने जुना बीएमचा नंबर कायम ठेवता आला, आणि तो ठेवावाच. गिऱ्हाइकाच्या लेखी त्या नंबराला वेगळी किंमत असते.

विम्यानेच दमवलं. दोन ठिकाणी संगणक १९३८ हे साल घेईना. तिसऱ्या ठिकाणी एका तरुण मुलीने मनावर घेऊन वरच्या ऑफिसातून करून आणलं. व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीने फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडी पाहिली. तपासणीला गाडी चालवत नेऊ नका, टोइंग व्हॅनवर न्या. आम्ही मिस्त्रींच्या हट्टापायी चालवत नेली आणि घाटाच्या पायथ्याशी पाणी उकळून तासभर उभे राहिलो. समितीतले एक साहेब मात्र खूश झाले, मागच्या चाकांना त्या काळात कॉइल स्प्रिंग कसे म्हणून वाकून बघत बसले. १९३८ मध्ये ब्युकने ते नवीनच दिले होते. एप्रिलमध्ये नमुना २३अ चा दाखला आला. नियमात साठ दिवस लिहिले आहेत, आम्हाला थोडे जास्त लागले.

जूनमध्ये जाहिरात दिली. फोटो सकाळच्या उन्हात, गंज असलेल्या जागांचे वेगळे आणि जवळून. चालू इंजिनाचा थंड स्थितीतला व्हिडिओ. आणि स्पष्ट लिहिलं: न रंगवलेली, एक व्हील कॅप नाही, तिसरा गिअर जड.

फोन पुष्कळ आले. बहुतेकांना 'फक्त एकदा बसून फोटो' हवा होता. एकाला प्री-वेडिंग शूटसाठी भाड्याने द्यायची होती. त्याला सांगितलं, की व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यालाच रस्त्यावर. तो म्हणाला, "कोण बघतंय?" ठेवला फोन. दुबईहून एकाने चांगला आकडा सांगितला, पण १९५० पूर्वीच्या मोटारी आपल्याकडून मोकळेपणी बाहेर पाठवता येत नाहीत. पहिला दलालही आला, आता साडेपाच लाखांवर.

पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर तीनदा येऊन गेले. पहिल्या वेळी फक्त कागद पाहिले, चार तास. गाडीचं दारसुद्धा उघडलं नाही. तेव्हाच मला कळलं, की घेणारा हाच. दुसऱ्या वेळी गाडीखाली सतरंजी टाकून झोपले. तिसऱ्या वेळी भाव. एकोणीस मागितले होते, अठरा पंचाहत्तरला तुटलं, आणि मग त्यांनी टोपीचे पंचवीस हजार वजा केले. "जोडीची मिळायला दोन वर्षं जातील, तेवढे तरी सोडा." अठरा लाख पन्नास हजार. माईआत्याला ते पंचवीस हजार फार लागले. एका झाकणाचे एवढे पैसे घेतात का, असं ती आल्यागेल्याला विचारत होती.

ते अर्धी रक्कम रोख द्यायला तयार होते, मीच नको म्हटलं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, दंड घेणाऱ्यालाच होतो. सगळं बँकेतून आलं.

करासाठी आमच्या सीएने आधीच सावध केलं होतं. आपली वापरातली मोटार विकली तर ती वैयक्तिक वापराची वस्तू म्हणून भांडवली नफ्यातून सुटते, असं मी धरून चालले होते. त्याने २०२५ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. १९३१ ची फोर्ड टूरर, १९८३ मध्ये वीस हजारांना घेतलेली, पुढे एकवीस लाखांना विकलेली. गाडी वैयक्तिक वापराजोगी आहे एवढं पुरत नाही, प्रत्यक्ष वापरल्याचा पुरावा हवा, असं कोर्टाने म्हटलं आणि मालकाविरुद्ध निकाल गेला. मग आम्ही अल्बम काढले. १९५८ चं आत्याचं लग्न, १९६६ ची पंढरपूरची वारी, माझं बारसं, प्रत्येक फोटोत गाडी आणि नंबर दिसतोय. चोपड्यांतल्या पेट्रोलच्या नोंदी. त्याची एक फाइल झाली. तुमचं प्रकरण वेगळं असेल, तुमच्या सीएला विचारा. पण जुने फोटो त्याआधी टाकून देऊ नका.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गाडी गेली. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्यांची पावती, गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या मीटरवरच्या आकड्याचा फोटो. व्हिंटेज गाडी विकली की घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही परिवहन खात्याला नव्वद दिवसांत कळवायचं असतं. मी दहाव्या दिवशी कळवलं, आणि नाव बदललेलं दिसेपर्यंत दर रविवारी नंबर टाकून बघत राहिले. तोवर काही झालं असतं तर जबाबदार मीच होते.

व्हॅनवर चढवताना ड्रायव्हरने बटण शोधलंच. आत्याने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा वैतागून.

पैशाचे सात वाटे झाले, खर्च आधी वजा करून. शेड आता रिकामी आहे, त्यात भाच्याची स्कूटर असते.

संक्रांतीला आत्याच्या मळ्यावरच्या घरी गेले होते. परसात कोंबड्या पाणी पीत होत्या, आणि भांड्याला शेण लागलेलं असूनही काठावरचा गोल ओळखीचा वाटला. उलटं केलं. 'ब्युक ८'. आत्या म्हणाली, "हे होय? हे तर केव्हापासून इथंच आहे." मी ते घासूनपुसून पुण्याला कुरियर केलं, एकशे ऐंशी रुपये लागले. पंचवीस हजार परत मागावेत असं आत्याचं म्हणणं अजून आहे.